परत आलेल्यांच्या सह्या

इंग्लंडमधल्या यॉर्क शहरात सेंट हेलेन्स चौकाच्या कोपऱ्यावर ‘बेटीज’ नावाचं जुनं चहागृह आहे. दुसऱ्या महायुद्धात त्याच्या तळघरात बार चाले. शहराभोवतीच्या विमानतळांवर बॉम्बर विमानांची पथकं होती, त्यांत कॅनडाहून आलेली पोरं पुष्कळ. मोकळी संध्याकाळ मिळाली की ती या तळघरात गर्दी करत. तिथल्या आरशावर हिऱ्याच्या टोकाने आपलं नाव कोरायची रीत पडली आणि युद्ध संपेपर्यंत आरशावर पाच-सहाशे नावं जमली. तो आरसा आजही तिथेच आहे. केंब्रिजमधल्या ‘द ईगल’ या पबचं छतही असंच आहे. ब्रिटिश आणि अमेरिकन हवाई सैनिकांनी मेणबत्तीच्या आणि लायटरच्या ज्योतीने, काही ठिकाणी लिपस्टिकने, आपली नावं आणि पथकांचे क्रमांक त्यावर उमटवले.

या सह्या विकत मिळत नाहीत. विकत मिळतात त्या बहुतेक नंतरच्या. युद्धाला तीस-चाळीस वर्षं उलटून बॉम्बर विमानांचे वैमानिक निवृत्त झाले, नातवंडांत रमले, आणि मग त्यांच्या सह्यांना मागणी आली. सहीची चित्रं, सहीचे लिफाफे, फोटो, पुस्तकं, पथकाच्या स्नेहसंमेलनाची मेन्यूकार्डं, आणि या सगळ्यांहून मोलाची म्हणजे उड्डाणांच्या नोंदींची मूळ लॉगबुकं. ब्रिटन, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड इथे हा छंद आजही जोरात आहे. मला त्याची ओढ वाटते आणि अस्वस्थताही वाटते, आणि दोन्हींचं कारण एकच आहे. सही मिळवायची तर सही करणारा जिवंत असावा लागतो. ब्रिटनच्या बॉम्बर कमांडमध्ये, म्हणजे हवाई दलाच्या बॉम्बर विभागात, जिवंत राहणं हेच अवघड होतं.

तिथे सुमारे १,२५,००० जणांनी विमानातून प्रत्यक्ष मोहिमा केल्या किंवा त्यासाठीचं प्रशिक्षण घेतलं. त्यांतले ५५,५७३ मेले. म्हणजे शंभरातले चव्वेचाळीस. सगळे स्वेच्छेने आलेले, सरासरी वय बाविशीच्या आसपास. ३० मोहिमा पुऱ्या केल्या की एक फेरी संपायची आणि काही महिने प्रशिक्षक म्हणून काम मिळायचं. युद्धाच्या काही टप्प्यांत त्या ३० पर्यंत पोचणारे निम्म्याहूनही कितीतरी कमी होते.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच सांगायला हवी. संग्राहक ‘वैमानिकाची सही’ म्हणतात, पण लँकेस्टर हे विमान सात जणांचं होतं. चालवणारा एक. शेजारी फ्लाइट इंजिनिअर. पडद्याआड नकाशांवर दिवा धरून बसलेला नेव्हिगेटर. नाकाशी पालथा पडून निशाणा धरणारा बॉम्ब एमर. वायरलेस ऑपरेटर. पाठीवरच्या आणि शेपटीतल्या मशीनगनवरचे दोन गनर. शेपटीतला गनर तर आठ-आठ तास एकटाच, बाकीच्यांकडे पाठ करून, गोठवणाऱ्या थंडीत बसायचा. बाजारात मात्र वैमानिकाच्या सहीचा भाव वेगळा आणि गनरच्या सहीचा वेगळा. विमान पडलं की सातही जण एकत्रच पडत, ही गोष्ट त्या भावात कुठे दिसत नाही.

या सगळ्या संग्रहात मला सर्वांत मोलाचं वाटतं ते लॉगबुक. निळसर कापडी बांधणीची आडवी वही. वैमानिकांसाठी ‘फॉर्म ४१४’ आणि इतर सभासदांसाठी ‘फॉर्म १७६७’ असा तिचा अधिकृत क्रमांक. तारीख, वेळ, विमानाचा प्रकार आणि नंबर, वैमानिकाचं नाव, काम काय, किती तास उड्डाण. बॉम्बर पथकांत रात्रीची मोहीम लाल शाईत आणि दिवसाची हिरव्या शाईत लिहायचा प्रघात होता. त्यामुळे पान उघडताक्षणी त्या माणसाचा महिना कसा गेला ते रंगांवरूनच कळतं. सरावाच्या काळ्या ओळी, मध्येच लाल, पुन्हा काळ्या, मग लागोपाठ तीन लाल. शेरे अगदी त्रोटक असतात. शहराचं नाव, सोबत ‘एक इंजिन बंद’, ‘दुसऱ्या तळावर उतरलो’ अशा दोन-चार शब्दांत त्या रात्रीचं सगळं आवरलेलं.

महिना संपला की तासांची बेरीज व्हायची आणि खाली फ्लाइट कमांडर व पथकप्रमुख सही करायचे. संग्राहकांचा डोळा इथे असतो. एखाद्या अप्रसिद्ध गनरच्या वहीत महिनाअखेरीला गाय गिब्सन किंवा लेनर्ड चेशर या नामवंत पथकप्रमुखांची सही सापडते, आणि ती कुणी मागून मिळवलेली नसते. कारकुनी कामाचा भाग म्हणून ती केलेली असते. म्हणूनच ती खरी वाटते.

६१७ क्रमांकाच्या पथकाचं उदाहरण घेऊ. १६ मे १९४३ च्या रात्री या पथकाची १९ लँकेस्टर विमानं जर्मनीतली धरणं फोडायला निघाली. बार्न्स वॉलिस या अभियंत्याने पाण्यावर टप्पे घेत जाणारा बॉम्ब त्यासाठी बनवला होता. म्योन आणि एडर ही दोन धरणं फुटली. १३३ जण गेले होते. ८ विमानं परत आली नाहीत, ५३ जण मेले, ३ युद्धकैदी झाले. पथकाचे दोन फ्लाइट कमांडर, मेल्विन यंग आणि हेन्री मॉडस्ली, दोघेही त्या रात्री गेले. म्हणजे त्या पथकातल्या माणसाच्या लॉगबुकात मे महिन्याचं पान भरलं तेव्हा त्याखाली सही करायला नवी माणसं नेमावी लागली. पान उलटताना सही बदललेली दिसते आणि कारण कुठेच लिहिलेलं नसतं. ज्याला इतिहास ठाऊक आहे त्यालाच ते वाचता येतं.

जो परत येत नसे त्याच्या वहीतली शेवटची ओळ दुसऱ्याच कुणाच्या अक्षरात असते. मोहीम, तारीख, आणि ‘परतला नाही’. पुढे ‘मृत्यू गृहीत’ असा शिक्का. या वह्या हवाई दलाच्या मध्यवर्ती भांडारात ठेवल्या गेल्या आणि नातेवाइकांना त्या मागून घेता येत होत्या. अनेकांना हे माहीतच नव्हतं, अनेकांना मागवत नव्हतं. १९६० च्या सुमारास न नेलेल्या बहुसंख्य वह्या नष्ट करण्यात आल्या. नमुन्यादाखल ठेवलेल्या काही आज लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. या निर्णयाची मला फार चुटपुट लागते. हजारो मुलांनी स्वतःच्या हाताने लिहिलेला युद्धाचा हिशेब जागेच्या अडचणीपायी गेला. अमेरिकेतही असं घडलं. बोइंगच्या सिएटलच्या कारखान्यातून बाहेर पडलेलं पाच हजारावं बी-१७ विमान, ‘फाइव्ह ग्रँड’, तिथल्या कामगारांनी नाकापासून शेपटीपर्यंत सह्यांनी भरून टाकलं होतं. त्या सह्यांसकट ते युरोपात ७८ मोहिमा करून सुखरूप परतलं, आणि युद्धानंतर ॲरिझोनातल्या भंगाराच्या तळावर कापलं गेलं.

गिब्सनच्या सहीला इतकी किंमत का, हेही याच हिशेबात समजतं. त्याचा जन्म १२ ऑगस्ट १९१८ रोजी सिमल्यात झाला. वडील हिंदुस्थानच्या वनखात्यात होते. धरणांवरच्या हल्ल्याचं नेतृत्व केलं तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, अमेरिकेचा दौरा झाला, त्याने एक पुस्तकही लिहिलं. १९ सप्टेंबर १९४४ रोजी नेदरलँड्समधल्या स्टेनबर्गन गावाजवळ त्याचं मॉस्किटो विमान कोसळलं आणि तो व त्याचा नेव्हिगेटर जिम वॉरविक दोघेही मेले. म्हणजे प्रसिद्धी मिळाल्यावर सह्या करायला त्याला जेमतेम सोळा महिने मिळाले. याउलट त्याच मोहिमेतला बॉम्ब एमर जॉर्ज ‘जॉनी’ जॉन्सन १०१ वर्षं जगला, २०२२ च्या डिसेंबरात गेला, आणि म्हातारपणी त्याने शेकडो कार्यक्रमांत हसतमुखाने सह्या केल्या. वॉरविकची सही कुणी शोधत नाही.

नंतरच्या सह्यांचा बाजार कसा उभा राहिला हेही पाहण्याजोगं आहे. त्याला दोन वाटांनी बळ मिळालं. एक वाट टपालाची. रॉयल एअर फोर्सच्या संग्रहालयाने निधी उभारण्यासाठी खास लिफाफे काढायला सुरुवात केली. लिफाफ्यावर विमानाचं चित्र, विशेष शिक्का, लिफाफा खरोखरच एखाद्या विमानातून नेलेला, आणि वर एखाद्या युद्धवीराची सही. किंमत बेताची, त्यामुळे शाळकरी मुलांनाही तो घेता येई. दुसरी वाट चित्रांची. रॉबर्ट टेलरसारख्या विमानचित्रकारांच्या चित्रांच्या मर्यादित आवृत्त्या १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून निघू लागल्या. प्रत्येक प्रतीवर क्रमांक, खालच्या पांढऱ्या पट्टीत चित्रकाराची पेन्सिलीतली सही, आणि शेजारी त्या विमानातून लढलेल्यांच्या सह्या. जितक्या सह्या जास्त तितकी प्रत महाग. काही प्रतींच्या समासात चित्रकार स्वतःच्या हाताने छोटं रेखाटनही काढून देई. पुढे पुढे म्हातारे सैनिक भराभर जाऊ लागले तेव्हा प्रकाशकांनी कोऱ्या कागदांवर आधीच सह्या घेऊन ठेवल्या आणि नंतर त्या चित्रासोबत एका चौकटीत बसवल्या. माणूस गेल्यावर प्रसिद्ध झालेल्या चित्रासोबत त्याची खरी सही असते ती अशी.

या सह्या खोट्या नाहीत, आणि त्यांतून निवृत्त सैनिकांच्या संस्थांना चांगला निधीही मिळाला. पण अशा शंभर सह्यांचा संग्रह समोर मांडला की तो बॉम्बर युद्धाचं चित्र दाखवतो, असं मात्र मानता येत नाही. इथे अब्राहम वाल्डची आठवण होते. हा गणिती युद्धकाळात न्यूयॉर्कमधल्या कोलंबिया विद्यापीठातल्या संख्याशास्त्रज्ञांच्या गटात होता. मोहिमेवरून परतलेल्या विमानांना कुठे कुठे गोळ्या लागल्या याची आकडेवारी त्या गटाकडे होती. वाल्डने हिशेब मांडला तो न परतलेल्या विमानांचा. परतलेल्या विमानाच्या ज्या भागावर भोकं आहेत तिथे मार खाऊनही ते परत आलं. ज्या भागावर भोकं फारशी दिसत नाहीत तिथे मार बसलेली विमानं परत आलेलीच नाहीत. दिसणाऱ्या पुराव्यातून न दिसणाऱ्याचा अंदाज बांधायची ही रीत आज संख्याशास्त्राच्या वर्गात शिकवतात. वाल्डचा अंत भारतातच झाला. व्याख्यानांच्या दौऱ्यावर असताना डिसेंबर १९५० मध्ये नीलगिरीत झालेल्या विमान अपघातात तो पत्नीसह गेला.

सह्यांच्या संग्रहाला वाल्डचा हिशेब तंतोतंत लागू पडतो. टेबलाशी बसून सही करणारा प्रत्येक जण परत आलेला होता. न परतलेल्यांचं अक्षर पाहायचं तर लॉगबुकाकडे, पत्रांकडे, यॉर्कच्या आरशाकडेच जावं लागतं. म्हणून नवशिक्या संग्राहकाला माझा आग्रह असा की प्रसिद्ध नावाच्या दहा सह्यांपेक्षा एका अनोळखी माणसाचा पूर्ण ऐवज जवळ असावा. लॉगबुक, दोन पत्रं, विमानापुढे उभ्या सात जणांचा फोटो आणि मागे लिहिलेली नावं. किंमत कदाचित कमी पडेल, पण त्यातून एक माणूस उभा राहतो, आणि शोध घेतला तर बाकीचे सहाही.

परतलेल्यांसोबत न परतलेल्यांचीही आठवण कशी ठेवायची, या प्रश्नाला अमेरिकनांनी एक सुंदर उत्तर शोधलं होतं. १८ एप्रिल १९४२ रोजी जेम्स डूलिटलच्या नेतृत्वाखाली १६ बी-२५ विमानं ‘हॉर्नेट’ या विमानवाहू जहाजावरून उडाली आणि जपानवर हल्ला करून बहुतेक चीनकडे गेली. माणसं ८०. १९५९ मध्ये टूसॉन शहराने त्यांना चांदीचे ८० पेले दिले. प्रत्येक पेल्यावर नाव दोनदा कोरलेलं आहे, एकदा सुलट आणि एकदा उलट. माणूस गेला की वार्षिक मेळाव्यात त्याचा पेला पालथा ठेवायचा, आणि पालथ्या पेल्यावरही नाव सरळ वाचता यायचं. शेवटचे उरलेले डिक कोल एप्रिल २०१९ मध्ये १०३ व्या वर्षी गेले. मोहिमेत आणि युद्धात आधीच मेलेल्यांचे पेलेही त्याच ८० मध्ये आहेत.

आता खऱ्याखोट्याची गोष्ट. जिथे पैसा आला तिथे नकली माल आलाच, आणि गिब्सनसारख्या दुर्मीळ सह्यांची नक्कल सर्वांत जास्त होते. पारखायची पहिली कसोटी शाईची. सर्वसामान्य दुकानांत बॉलपेन मिळू लागलं ते १९४५ च्या अखेरीस; तेव्हा १९४४ मध्ये मेलेल्या माणसाची बॉलपेनमधली सही दिसली की तिथेच थांबावं. जाड टोकाचं मार्कर पेन तर त्याच्याही नंतरचं. दुसरी कसोटी कागदाची. साधारण १९५० नंतरच्या पांढऱ्या कागदात चकाकी आणणारी रसायनं घालू लागले. अतिनील दिव्याखाली असा कागद निळसर पांढरा चमकतो आणि युद्धकाळातला कागद मंद राहतो. तिसरी कसोटी हाताची. तेविसाव्या वर्षीची सही आणि पंच्याऐंशीव्या वर्षीची सही एकसारखी असूच शकत नाही. ताशी शेकडो सह्या करणाऱ्या माणसाचं अक्षर तर दिवस संपेपर्यंत बदलतं. नक्कल करणारा सही हळू काढतो, त्यामुळे रेघेत वेग नसतो, टोकं बोथट होतात, नको तिथे पेन उचललेलं दिसतं. विक्रेत्याच्या प्रमाणपत्रावर मी फारसा विसंबणार नाही. ही वस्तू कुणाच्या घरातून निघाली, कुणाकडून कुणाकडे गेली, याचा कागदोपत्री माग लागत असेल तर तोच भरवशाचा.

खरी वस्तूही चुकीच्या मार्गाने हातात येऊ शकते. जॉन फ्रेझर हा कॅनडाचा बॉम्ब एमर म्योन धरणावरच्या हल्ल्यात जॉन हॉपगुडच्या विमानात होता. विमान पेटलं. हॉपगुडने ते शक्य तितकं वर नेलं, म्हणून फ्रेझरला अगदी कमी उंचीवरून उडी मारता आली आणि तो वाचला. हॉपगुड गेला. फ्रेझरने पुढे आपल्या मुलाला हॉपगुडचं नाव दिलं आणि मुलीला हॉपगुडच्या इंग्लंडमधल्या गावाचं. फ्रेझर १९६२ मध्ये अपघातात वारला. १९९० च्या दशकात त्याच्या पत्नीने त्याचं लॉगबुक इंग्लंडमधल्या एका अभ्यासकाला विश्वासाने पाहायला दिलं. ते परत आलंच नाही. ते आपल्याला भेट मिळालं असा त्या अभ्यासकाचा दावा होता. २०१७ मध्ये लंडनच्या न्यायालयाने त्याला चोरीबद्दल दोषी ठरवून दोन वर्षांची शिक्षा दिली. लॉगबुक मात्र घरच्यांना मिळालं नाही. ते आज कुणाच्या कपाटात असेल तर त्या माणसाकडे १६ मे १९४३ ची ती ओळ आहे, आणि ज्यांची ती आहे त्यांच्याकडे नाही.

याच्या अगदी उलट वागणारा माणूस न्यूझीलंडचा लेस मन्रो. धरणांच्या मोहिमेत नेदरलँड्सच्या किनाऱ्यावर त्याच्या विमानाला तोफेचा मार बसला, आतला संपर्क तुटला, आणि त्याला बॉम्ब तसाच घेऊन परतावं लागलं. म्हणून तो वाचला, आणि पुढे त्या मोहिमेतला शेवटचा हयात वैमानिक ठरला. बॉम्बर कमांडच्या मृतांसाठी लंडनच्या ग्रीन पार्कमध्ये स्मारक झालं ते फार उशिरा, २८ जून २०१२ रोजी. त्याच्या देखभालीला पैसे हवेत म्हणून मन्रोने २०१५ मध्ये, पंच्याण्णव वर्षांचा असताना, आपली पदकं आणि लॉगबुक लिलावात काढायचं ठरवलं. लॉर्ड ॲशक्रॉफ्ट यांनी स्मारकासाठी ७५,००० पौंड दिले, लिलाव रद्द झाला, आणि सगळा ऐवज ऑकलंडच्या संग्रहालयात गेला. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये मन्रो वारला.

स्मारकाला इतका उशीर का झाला, हा प्रश्न संग्राहकाला टाळता येत नाही. ही माणसं ज्या शहरांवर गेली तिथे खाली लोक राहत होते. १९४३ च्या हॅम्बर्गमध्ये पस्तीस हजारांहून अधिक माणसं मेली, १९४५ च्या ड्रेस्डेनमध्ये सुमारे पंचवीस हजार. म्योन धरणाच्या पुरात बुडालेल्यांत जर्मनांनी सक्तीने मजुरीला आणलेल्या सोव्हिएत बायका शेकड्यांनी होत्या. त्यांची छावणी नेहाइम गावाशी, नदीकाठी होती. अशा हल्ल्यांच्या खुणाही बाजारात विकल्या जातात. हिरोशिमावर अणुबॉम्ब टाकणाऱ्या ‘एनोला गे’चा सहवैमानिक रॉबर्ट लुइस याने त्या उड्डाणात विमानातच नोंदी लिहिल्या होत्या. त्याने त्या १९७१ मध्ये ३७,००० डॉलरना विकल्या, आणि २००२ च्या लिलावात त्यांना ३,९१,००० डॉलर आले. लुइसने पुढे शिल्पकला धरली आणि अणुस्फोटाच्या ढगाचं संगमरवरी शिल्प घडवलं.

अशी वस्तू जवळ बाळगावी का? बाळगावी, असं माझं मत आहे, पण भिंतीवर गौरवचिन्ह म्हणून नव्हे. लॉगबुकातली ‘हॅम्बर्ग’ ही लाल ओळ त्या तारखेला त्या शहरात काय झालं हे जाणून घेतल्याशिवाय पुरी वाचलेली नसते. संग्रहाच्या फायलीत वैमानिकाच्या चरित्रासोबत खालच्या शहराचीही माहिती असावी. लेनर्ड चेशर यांनी दोन्ही बाजू स्वतःच्या आयुष्यात पाहिल्या. शंभर मोहिमा, व्हिक्टोरिया क्रॉस, ६१७ पथकाचं नेतृत्व, आणि ९ ऑगस्ट १९४५ रोजी नागासाकीच्या आकाशात ब्रिटिश निरीक्षक म्हणून हजेरी. त्यानंतर त्यांनी आयुष्य घातलं ते असाध्य आजारी आणि अपंग माणसांच्या घरांसाठी. भारतातलं त्यांचं पहिलं घर १९५० च्या दशकात मुंबईत, अंधेरीला सुरू झालं. त्यांची सही सहज मिळते, त्यामुळे बाजारात ती फार महाग नाही.

भारताचा या विषयाशी संबंध इतकाच नाही. अमेरिकन विमानसैनिकांत नोटेवर एकमेकांच्या सह्या घ्यायची चाल होती. अशा नोटेला ते ‘शॉर्ट स्नॉर्टर’ म्हणत. दुसऱ्याने मागितली आणि जवळ नसली तर दंड म्हणून त्याला दारू पाजायची. देश बदलला की त्या देशाची नोट पहिलीला चिकटपट्टीने जोडायची, अशी कुणाकुणाची माळ हातभर लांब होई. १९४४ मध्ये खरगपूर, चाकुलिया इथल्या तळांवर बी-२९ विमानं होती, बंगालात लिबरेटर जातीची बॉम्बर होती. त्यामुळे सहाव्या जॉर्जच्या छापाच्या एक रुपयाच्या नोटा, त्यांवर अमेरिकन बॉम्बर सैनिकांच्या सह्या, अशा माळा आजही जुन्या नोटांच्या बाजारात येतात. नाणी-नोटा जमवणाऱ्या आपल्याकडच्या माणसाने सहीने खराब झालेली नोट म्हणून ती बाजूला टाकू नये.

युद्ध संपल्यावर कानपूरला निकामी करून सोडलेली लिबरेटर विमानं हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या लोकांनी दुरुस्त केली आणि त्यांच्यावर भारतीय हवाई दलाचं ५ क्रमांकाचं पथक नोव्हेंबर १९४८ मध्ये उभं राहिलं. ६ क्रमांकाचं पथक १९५१ पासून पुण्याच्या लोहगावला होतं आणि ही विमानं १९६८ पर्यंत समुद्रावर गस्त घालत राहिली. लंडनच्या हवाई दल संग्रहालयात आज जे लिबरेटर आहे ते भारतानेच भेट दिलेलं. खुद्द ब्रिटनच्या बॉम्बर कमांडमध्येही थोडे भारतीय होते. शैलेंद्र एकनाथ सुखटणकर लँकेस्टरमध्ये नेव्हिगेटर होते आणि त्यांना डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस मिळाला. आपल्या वाचकांत त्यांचं नाव माहीत असलेले फार थोडे असतील, याची मला खंत वाटते.

म्हणून पुण्यात, मुंबईत, नागपुरात, बेळगावात, जिथे जिथे हवाई दलातून निवृत्त झालेल्यांची घरं आहेत, तिथल्या माळ्यावरच्या आणि ट्रंकांमधल्या लॉगबुकांकडे लक्ष जायला हवं. त्यांना बाजारात काय भाव येईल ते नंतर पाहू. आधी ती टिकली पाहिजेत. लॅमिनेशन अजिबात करू नये, त्याने कागद कायमचा मरतो. सेलोटेप लावू नये. मार्कर पेनची आणि रंगीत शाईची सही उन्हात वर्षा-दोन वर्षांत फिकी पडते, म्हणून चौकट लावायचीच तर खिडकीसमोरच्या भिंतीवर नको आणि काचेला कागद चिकटलेला नको. पावसाळ्यात कोकणात, मुंबईत बुरशी हा मोठा शत्रू. आम्लरहित कागदाच्या पाकिटात, कोरड्या कपाटात, जमिनीपासून वर ठेवावं आणि पावसाळा संपला की बाहेर काढून पाहावं. प्रत्येक पानाचा स्वच्छ फोटो घ्यावा, कोरी पानं आणि आतली कव्हरंसुद्धा. लिंकन इथल्या इंटरनॅशनल बॉम्बर कमांड सेंटरने हेच केलं आहे. तिथल्या भिंतींवर बॉम्बर कमांडसाठी कुठलंही काम करताना गेलेल्या जवळपास ५८,००० जणांची नावं आहेत, आणि घरोघरच्या लोकांनी दाखवलेली लॉगबुकं, पत्रं, आठवणी स्कॅन करून कुणालाही पाहता येतील अशा खुल्या ठेवल्या आहेत. मूळ वही घरीच राहते. सोबत घरातल्या वडीलधाऱ्यांकडून दोन गोष्टी विचारून लिहून ठेवाव्यात. फोटोत शेजारी उभी असलेली माणसं कोण, आणि त्यांतलं कोण परत आलं.